कर जातो कुठे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यापारी आणि नोकरदार, बागायतदार आणि डॉक्टर या सर्वांचे एकमत होईल असे विषय सार्वजनिक जीवनात फार थोडे आहेत. करांविषयीची कुरकुर हा त्यांपैकी एक. “एवढा कर भरतो, पण सरकार आम्हाला देते काय?” हा प्रश्न चहाच्या टपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. प्रश्न विचारणारा गृहस्थ बहुधा प्रामाणिक असतो. परंतु त्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याच्या त्या दिवसाच्या दिनक्रमातच दडलेले असते. सकाळी त्याने नळाच्या पाण्याने तोंड धुतलेले असते. दाराबाहेर ठेवलेला कचरा तो उठण्यापूर्वीच कोणीतरी नेलेला असतो. आदल्या रात्री रस्त्यावर दिवे होते म्हणून त्याची मुलगी शिकवणीवरून निर्धास्तपणे घरी आलेली असते. तो पन्नाशीच्या पुढचा असेल तर त्याच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण असतो. आणि ज्या शाळेत तो पहिली अक्षरे गिरवायला शिकला, ती पुष्कळदा जिल्हा परिषदेची वा नगरपालिकेची असते.

यांपैकी एकही गोष्ट त्याला करातून मिळालेली वाटत नाही, याचे कारण त्या रोज मिळतात. सार्वजनिक सेवा सुरळीत चालू असते तेव्हा ती दिसत नाही. ती बिघडली की तेवढी दिसते. नळाला पाणी आले ही बातमी होत नाही, पाणी आले नाही ही होते. त्यामुळे सामान्य माणसाच्या मनात राज्यसंस्थेचे जे चित्र तयार होते, ते केवळ तिच्या अपयशांचे चित्र असते. ज्यांना सार्वजनिक सेवा मोडीत काढून त्यांच्या जागी नफ्याचा धंदा उभा करावयाचा आहे, त्यांना हे चित्र आयतेच उपयोगी पडते. म्हणून या नित्याच्या सेवांचे मोल ओळखणे, हा समाजवादी चळवळीच्या दृष्टीने केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. तो राजकीय प्रश्न आहे.

नळापर्यंतचा प्रवास

मुंबईच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. विहार तलाव १८६० साली पूर्ण झाला आणि शहराला नळाने पाणी मिळू लागले. त्यानंतर १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा तलाव झाला. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली वैतरणा नदीवर जे धरण पुरे झाले, त्याच्या जलाशयाला महापालिकेचे अभियंते ना. वि. मोडक यांचे नाव देण्यात आले. पुढे अपर वैतरणा, भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. आज सात जलाशयांतून मिळून दररोज सुमारे ३,८०० दशलक्ष लिटर पाणी शहरात येते. तानसा शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. तेथून निघालेले पाणी मोठमोठ्या नळांतून प्रवास करते, शुद्धीकरण केंद्रांत गाळले जाते, जंतुरहित केले जाते आणि शहरातील टेकड्यांवर बांधलेल्या टाक्यांत चढते. मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यानात संध्याकाळी फिरावयास जाणाऱ्या हजारो लोकांना आपण पाण्याच्या प्रचंड साठ्यावरून चालत आहोत, याची जाणीवही नसते. टाकीपासून वस्तीपर्यंत ते पाणी ठरल्या वेळी पोहोचावे म्हणून महापालिकेचे चावीवाले अवेळी रस्त्यावर येऊन झडपा उघडतात आणि बंद करतात. इतकी माणसे, इतकी वर्षे आणि इतका पैसा एकत्र आल्यानंतर गृहस्थाच्या घरातील नळ वाहू लागतो.

कोणत्याही एका कुटुंबाला, मग ते कितीही धनाढ्य असो, हे पाणी स्वतःच्या बळावर आणता आले नसते. अर्थशास्त्रात ज्याला सामूहिक उपभोग म्हणतात, त्याचे याहून साधे उदाहरण सापडणार नाही. शेजाऱ्याच्या घरात स्वच्छ पाणी असेल तरच आपल्या घरात पटकी येणार नाही. म्हणजे शेजाऱ्याच्या नळासाठी दिलेला पैसा हा स्वतःच्याच आरोग्यासाठी दिलेला पैसा असतो.

मात्र हे चित्र पुरे करावयाचे तर त्याची काळी बाजूही मांडली पाहिजे. ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जाते, त्या तालुक्यातील अनेक गावपाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असतात. आणि खुद्द मुंबईत, झोपडी अमुक तारखेनंतरची आहे या कारणावरून लक्षावधी माणसांना नळजोडणी नाकारली जात होती. पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा असली तरी तिच्यातील माणसाला पाणी सरसकट नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. पाणी आणण्याची किमया करणारी संस्था आणि पाणी नाकारणारी संस्था एकच आहे. तिचे मोल ओळखणाराच तिला जाब विचारण्याच्या तळमळीने बोलू शकतो.

खंडणी आणि वर्गणी

करांविषयीचा आपल्याकडील तिटकारा केवळ स्वार्थातून जन्मलेला नाही. त्यामागे मोठा इतिहास आहे. शतकानुशतके कर म्हणजे वरून येणारी वसुली होती. पीक बुडाले तरी शेतसारा चुकत नसे. १८७५ साली सुप्याला जो उठाव झाला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला, त्यात शेतकऱ्यांचा राग सावकारांच्या दस्तऐवजांवर निघाला. परंतु रयत सावकाराच्या दारात गेली होती ती बऱ्याच अंशी सरकारचा सारा भरण्यासाठीच. या देशातून गोळा झालेला पैसा इंग्लंडमधील खर्चाकडे कसा वाहून जातो, याचा हिशेब दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर मांडला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली मध्यवर्ती कायदे मंडळात अर्थसंकल्पावर जे पहिले भाषण केले, त्यात सरकारी तिजोरीतील शिलकीचे कौतुक करण्याऐवजी, लोक दुष्काळाने गांजलेले असताना शिलक पडते याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा अधिक घेतले जात आहे, असा मुद्दा मांडला. १९३० साली दांडीला, शिरोड्याला आणि वडाळ्याला मीठ उचलणाऱ्यांनी करभंग हाच देशधर्म मानला. ज्या समाजाने कर न भरण्यात पुरुषार्थ पाहिला, त्याला कर भरण्यात नागरिकत्व आहे हे पटण्यास वेळ लागणारच.

पण मराठी समाजाला दुसरीही एक परंपरा ठाऊक आहे, आणि ती वर्गणीची. गावची यात्रा, देवळाचा जीर्णोद्धार, वाचनालय, गणेशोत्सव यांसाठी लोक वर्गणी देतात आणि ती दिल्याचा अभिमान बाळगतात. खंडणी आणि वर्गणी या दोन्हींत पैसा खिशातूनच जातो. मग फरक कोठे आहे? वर्गणी कशासाठी हे आधी ठरते, ती ऐपतीप्रमाणे दिली जाते, तिचा लाभ सर्वांना खुला असतो आणि शेवटी जमाखर्च फळ्यावर लागतो. लोकशाहीत कर ही वर्गणी असावयास हवी. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येणार नाही, हे संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदाने सांगितले, त्यामागील आशय हाच आहे. करांचे समर्थन करावयाचे ते वर्गणी म्हणून. आणि जेथे वर्गणीची खंडणी होते, तेथे लढावयाचे, ही दुहेरी भूमिका कार्यकर्त्याला घेता आली पाहिजे.

या दुहेरी भूमिकेचे महाराष्ट्रातील आद्य उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांचे आहे. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याला विरोध करणारे एकटे जोतीरावच होते. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी तोच मुद्दा अखिल प्रांताला लावला. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ होतो वरिष्ठ वर्गांना, हा अन्याय त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडला. जोतीरावांनी कर बंद करा असे म्हटले नाही. ज्याचा पैसा त्याच्या मुलाला शाळा, एवढीच त्यांची मागणी होती.

चवदार तळ्याचा धडा

या विचाराचे पुढचे पाऊल महाडला पडले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालविली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्या ठरावाचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. तरीही तळ्याला हात लावण्याची कोणाची छाती होत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतरचे हल्ले, शुद्धीकरणाचा तो लाजिरवाणा प्रकार आणि कोर्टकचेऱ्या सर्वांना ठाऊक आहेत. न्यायालयाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

महाडचा सत्याग्रह हा मानवी प्रतिष्ठेचा लढा होता, यात शंका नाही. परंतु त्या लढ्याच्या कायदेशीर पायात ‘सार्वजनिक पैसा’ ही कल्पना होती, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. बाबासाहेब हे सार्वजनिक अर्थव्यवहाराचे गाढे अभ्यासक होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला होता. देवळाच्या वा खाजगी वाड्याच्या आडावर जात उभी राहू शकत होती. सर्वांच्या पैशातून चालणाऱ्या तळ्यावर तिला उभे राहण्याचा अधिकार नव्हता. ज्या दिवशी एखादी सेवा सार्वजनिक पैशातून चालू लागते, त्या दिवसापासून ती मागण्यासाठी कोणाला पदर पसरावा लागत नाही. उद्या तीच सेवा खाजगी मालकाच्या हाती गेली, तर हक्काची जागा ऐपत घेते; आणि ऐपत व जात यांचे या देशातील नाते कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

दोनशे रुपयांची गोष्ट

महाराष्ट्रातील नोकरदाराच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ नावाची एक ओळ असते. ठरावीक मर्यादेपुढील पगारातून दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार रुपये कापले जातात. संविधानाने या करावर घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. ती ओळ वाचून बहुतेक जण नाक मुरडतात. फार थोड्यांना तिच्यामागील कथा ठाऊक असते.

१९७०च्या दशकाच्या प्रारंभी महाराष्ट्रावर लागोपाठ दुष्काळ कोसळला. १९७२-७३ सालचा दुष्काळ तर ज्यांनी पाहिला त्यांच्या आठवणीतून अद्याप गेलेला नाही. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत, माती वाहत होती. चळवळीतील माणसांनी त्या काळी मजुरीसाठी, धान्यासाठी, कामासाठी मोर्चे काढले. दुष्काळात काम देणे ही सरकारची कृपा नाही, काम मागणे हा माणसाचा हक्क आहे, हा विचार त्या उन्हात तापून निघाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्या आधीच सांगली जिल्ह्यातील विसापूर भागात रोजगार हमीचा प्रयोग करून पाहिला होता. त्या कल्पनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर हमी देणारे हे देशातील पहिले राज्य. २००५ साली संसदेने राष्ट्रीय पातळीवर ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्या वेळी महाराष्ट्राचा हाच अनुभव आधाराला होता.

आता पैशाचा प्रश्न. हमी द्यावयाची तर तिला कायमचा पैसा हवा. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. त्याचा भार मुख्यतः शहरांतील नोकरदार आणि व्यावसायिकांवर पडला. त्यातून जमेल तितकीच भर राज्य सरकारने घालावयाची, अशी रचना झाली. म्हणजे दादरच्या कचेरीतील कारकून आणि सोलापूरचा वकील यांच्या खिशातून निघालेले रुपये बीडच्या पाझर तलावावर माती टाकणाऱ्या बाईच्या मजुरीत जाऊ लागले. त्या बाईला कारकुनाचे नाव माहीत नव्हते, कारकुनाला तिचे. त्यांच्यात दान देणारा आणि घेणारा असे नाते निर्माण झाले नाही, आणि यातच या व्यवस्थेची थोरवी आहे. कामावर येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. अनेकींच्या हाती स्वतःच्या नावाची मजुरी प्रथमच पडली. काम बंद झाले की गाव सोडून ऊसतोडीला किंवा मुंबईच्या फुटपाथवर जावे लागे, त्या माणसांना गावात राहण्याचा एक पर्याय मिळाला.

या योजनेत खोटी हजेरीपटे भरली गेली, कामे अर्धवट राहिली, निधी जमा असूनही काम मागणारे हात रिकामे राहिले, हे सारे खरे आहे. ते उघडकीला आणले तेही मजुरांच्या संघटनांनीच. योजना बंद करा, असे त्या कधी म्हणाल्या नाहीत. आमच्या नावाचा पैसा आमच्यापर्यंत आणा, असे त्या म्हणाल्या.

न घडलेल्या गोष्टी

सार्वजनिक सेवांचे सर्वांत मोठे यश असे असते की, त्यांच्यामुळे काही गोष्टी घडत नाहीत. आणि न घडलेल्या गोष्टींचे आभार कोणी मानीत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. पुढच्या वर्षी पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याची बाधा झाली आणि त्यात त्यांचा अंत झाला. त्याच १८९७ साली हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेतून परळची हाफकिन संस्था वाढली. देवीच्या रोगाने या देशात पिढ्यान्‌पिढ्या माणसे मेली, आंधळी झाली. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

हे कोणी केले? दारोदार फिरणाऱ्या लस टोचणाऱ्यांनी, परिचारिकांनी, अंगणवाडी सेविकांनी, बर्फाच्या पेटीत लस घेऊन डोंगर चढणाऱ्या आरोग्यसेवकांनी. बाजाराच्या नियमाने हे झाले नसते. कारण ज्या वाडीत चार मुले आहेत तेथे लस घेऊन जाण्यात कोणालाही नफा नसतो, आणि ती चार मुले राहून गेली तर रोग संपत नाही. आज वर्गात कुबड्या घेऊन येणारे मूल शिक्षकाला दिसत नाही. करातून काय मिळाले, या प्रश्नाचे ते एक उत्तर आहे. फक्त ते कोणत्याही पावतीवर छापलेले नसते.

कर कोण भरतो?

“कर आम्ही भरतो आणि फुकट खाणारे दुसरेच” ही भाषा अलीकडे सुशिक्षितांत फार बोकाळली आहे. तिच्यामागे एक साधी चूक आहे. करदाता म्हणजे आयकर भरणारा, असे धरून चालण्यात येते. वस्तुतः मार्केट यार्डातला हमाल साबण घेतो तेव्हा कर भरतो, मुलाला बिस्किटाचा पुडा घेतो तेव्हा कर भरतो, टेम्पोत बसतो तेव्हा डिझेलवरील कराचा वाटा उचलतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये दर उतरेपर्यंत अंगाच्या साबणावर १८ टक्के कर होता आणि तो उद्योगपतीला आणि हमालाला सारखाच होता. उद्योगपतीच्या उत्पन्नात साबणाचा खर्च शोधूनही सापडणार नाही. हमालाच्या कमाईत तो जाणवतो. अप्रत्यक्ष करांचा भार उत्पन्न घटत जाईल तसा वाढतो, हा सार्वजनिक अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ आहे.

दुसऱ्या बाजूला काय झाले? १९५६ साली निकोलस कॅल्डॉर यांनी भारताच्या करपद्धतीविषयी जो अहवाल दिला, त्यात संपत्ती कर, देणगी कर आणि भांडवली लाभावरील कर यांचा पुरस्कार केला होता, कारण मोठी संपत्ती केवळ आयकराच्या जाळ्यात सापडत नाही. वारसा संपत्तीवरील मृत्यू कर १९८५ साली गेला. संपत्ती कर २०१५ साली गेला. २०१९ साली कंपन्यांवरील कराचा मूळ दर सवलती सोडणाऱ्यांसाठी २२ टक्क्यांवर आणण्यात आला. ‘फुकट’ हा शब्द वापरावयाचाच असेल, तर तो आधी कोठे लागू पडतो, याचा विचार करण्यास हरकत नाही. सार्वजनिक सेवांविषयी कृतज्ञता व्यक्त करताना तिचा पहिला वाटा या अनामिक, गरीब करदात्याचा आहे.

बाहेर पडलेली माणसे

गेल्या तीसचाळीस वर्षांत महाराष्ट्रातील मध्यमवर्ग एकेका सार्वजनिक सेवेतून बाहेर पडत गेला. त्याची मुले नगरपालिकेच्या शाळेतून गेली, तो एसटीतून उतरला, सरकारी दवाखान्याची पायरी त्याने सोडली, आणि आता तर पाणीही तो बाटलीतून पितो. प्रत्येक कुटुंबाचा निर्णय सुटा पाहिला तर समजण्यासारखा आहे. परंतु ज्याचे शब्द वर्तमानपत्रात छापून येतात, ज्याचा फोन साहेब उचलतो, तो माणूस निघून गेल्यावर शाळेचे गळके छप्पर हा कोणाच्याच चर्चेचा विषय राहत नाही. सेवा निकृष्ट होते. ती निकृष्ट आहे म्हणून उरलेसुरले बाहेर पडतात. आणि लाभ घेणारे गरीबच उरले म्हणून तिच्यावरील खर्च ‘भार’ ठरतो. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाची अपेक्षा ठेवली, ती आजवर पुरी झालेली नाही. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरविले. तेथपर्यंतही मजल गेली नाही.

सेवा थांबते तेव्हा मात्र तिचे मोल कळते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे ती गावोगाव गेली. फाट्यावर हात केला की थांबू लागली. २०२१-२२ साली एसटी कामगारांचा संप अनेक महिने चालला, तेव्हा ज्यांच्या घरी मोटारसायकल नव्हती, त्या वस्त्यांतील मुलींची शाळा-कॉलेजे सुटली. सकाळची सातची गाडी म्हणजे त्या मुलींचे शिक्षण होते, हे त्या महिन्यांत दिसून आले. २०२० साली कोविडची साथ आली, तेव्हाही असेच झाले. मुंबईचे नायर, पुण्याचे ससून यांसारखी रुग्णालये आणि महापालिकांचे कर्मचारी यांच्यावरच साथीचा मुख्य भार पडला. वर्षानुवर्षे सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरविलेली माणसे त्याच्या दारात रांगेत उभी राहिली. दुर्दैवाने साथ ओसरली आणि ती आठवणही ओसरली.

कृतज्ञतेचे काम

कृतज्ञता म्हणजे माफी नव्हे. रस्त्यावरचा खड्डा, औषध नसलेला दवाखाना, टक्केवारीत गेलेले टेंडर यांच्यावर पांघरूण घालण्यास येथे कोणी सांगत नाही. उलट ज्याला सेवेचे मोल कळले आहे, त्याला तिची चोरी अधिक झोंबली पाहिजे. कार्यकर्त्यांच्या दृष्टीने यातून तीन कामे निघतात.

पहिले काम सेवा देणाऱ्या माणसांच्या बाजूने उभे राहण्याचे. कोविडमध्ये सफाई कामगारांवर फुले उधळण्यात आली. त्यांतील कित्येक कंत्राटी होते आणि त्यांना हातमोजेही धड मिळत नव्हते. मुंबईतील सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उचलून धरला. त्यासाठी त्यांच्या संघटनेला दीर्घ लढा द्यावा लागला. आशा कार्यकर्ती घरोघर फिरते, पण तिला पगार नसतो; मोबदला आणि मानधन असते. अंगणवाडी सेविकेला १९७५ पासून ‘मानसेवी’ म्हणण्यात येते. सेवा सार्वजनिक आणि सेवकाचे पोट मात्र वाऱ्यावर, ही व्यवस्था करदात्याच्या नावाने चालते. त्या नावाने ती चालू देता कामा नये.

दुसरे काम हिशेब वाचण्याचे. मंडळाचा जमाखर्च ज्या चिकित्सेने वाचला जातो, त्याच चिकित्सेने ग्रामपंचायतीचा आणि नगरपालिकेचा अर्थसंकल्प वाचला गेला पाहिजे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तींनी ग्रामसभेला आणि नागरी स्वराज्य संस्थांना स्थान दिले. परंतु २०२२ पासून मुंबई-पुण्यासह राज्यातील अनेक महापालिकांत वर्षानुवर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासकांनी कर जमविला आणि प्रशासकांनीच तो खर्च केला. नागरिकांनी पाणीपट्टी भरली, घरपट्टी भरली, पण जाब विचारावयाचा कोणाला, हे त्यांना कळेना. वर्गणीची खंडणी होते ती अशीच, गाजावाजा न होता. त्याविरुद्ध जेवढा आवाज उठावयास हवा होता तेवढा उठला नाही, ही कबुली चळवळीनेही दिली पाहिजे.

तिसरे काम सर्वांत अवघड आणि सर्वांत जवळचे आहे. सार्वजनिक सेवांची बाजू मांडणाऱ्या कार्यकर्त्याने त्या स्वतः वापराव्यात. ज्याचे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, त्याने शाळा व्यवस्थापन समितीत बोललेला शब्द वेगळा ठरतो. जो एसटीने सभेला येतो, त्याला गाडी का उशिरा आली हे ठाऊक असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जो स्वतः केसपेपर काढतो, त्याला तेथे डॉक्टरची जागा किती दिवस रिकामी आहे, हे विचारण्याचा अधिकार आपोआप मिळतो. प्रत्येकाला हे प्रत्येक वेळी जमेल असे नाही. जेथे जमते, तेथेही ते टाळावयाचे आणि मग व्यासपीठावरून खाजगीकरणाचा निषेध करावयाचा, हे मात्र लोकांच्या लक्षात येते.

प्रारंभीच्या त्या गृहस्थाकडे शेवटी परत वळू. “सरकार देते काय?” असे तो पुन्हा विचारील, तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये. त्याचे पगारपत्रक त्याच्यासमोर ठेवावे आणि दोनशे रुपयांची ती ओळ दाखवावी. बीडच्या त्या बाईची हकिकत सांगावी. तानशापासून त्याच्या नळापर्यंतचा रस्ता सांगावा. आणि मग त्याच्या वॉर्डात यंदा गटारांसाठी किती रक्कम मंजूर झाली व किती खर्च झाली, हे शोधण्यासाठी त्याला बरोबर घेऊन वॉर्ड कचेरीत जावे. तेथून तो परतेल तेव्हा त्याची तक्रार संपलेली नसेल. परंतु ती ‘सरकार’ नावाच्या कोणा परक्याविषयीची राहणार नाही. ती स्वतःच्या मालमत्तेविषयीची तक्रार असेल. चळवळीला अशा तक्रारींची आज फार गरज आहे.